‘माझं सगळं खोटं असतं’: बडोद्यातल्या तिसरीच्या एका वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याच्या जुन्या शहरातली ही गुजराती माध्यमाची प्राथमिक शाळा आहे. शाळेचं नाव, मुलांची नावं आणि ओळख पटेल असे तपशील मी मुद्दाम गाळले आहेत. तिसरीच्या वर्गात एकतीस मुलं होती. त्यातली नऊ घरी मराठी बोलणारी. चार जुन्या बडोदेकर घरांतली, ज्यांचे आजोबा-पणजोबा इथेच वाढले. पाच अलीकडे खानदेशातून आलेली. त्यांचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यांत किंवा वर्कशॉपमध्ये कामाला होते. वर्गशिक्षिका गुजराती. गुजरातेत बाईंना बेन म्हणतात, तेव्हा इथेही बेनच म्हणते. मी मराठी माध्यमातली निवृत्त शिक्षिका. शाळेचे आचार्य, म्हणजे मुख्याध्यापक, माझ्या ओळखीचे होते. त्यांनी बोलावलं म्हणून मी आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले.

मराठी बोलणारं मूल गुजराती शाळेत बसतं, हे बडोद्याला नवीन नाही. १८७५ साली नाशिकजवळच्या कवळाण्याहून बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक म्हणून इथे आणला गेला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे सयाजीराव महाराज झालेल्या त्या मुलाला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा शिकवल्या गेल्या. याच महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, १९६० मध्ये गुजरात राज्य झालं. शहरातल्या मराठी माध्यमाच्या शाळा हळूहळू रोडावत गेल्या. माझी स्वतःची शाळा मी आठ वर्गांवरून तीन वर्गांवर आलेली पाहिली आहे. त्यामुळे आज बहुतेक मराठी मुलांपुढे निवड उरते ती गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची.

कागदावरची बाजू देशभर सारखीच आहे. संविधानात १९५६ मध्ये आलेलं कलम ३५०क भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करायचा प्रयत्न करा, असं राज्यांना सांगतं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा म्हणतो, शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तिथवर मुलाची मातृभाषा असावं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेवर भर आहे. पण ‘शक्य असेल तिथवर’ म्हणजे कुठवर, हे शेवटी एकतीस मुलांसमोर उभ्या असलेल्या बेननाच ठरवावं लागतं.

अडचण कशी पुढे आली

जुलै संपत आला होता. खानदेशातून दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलाच्या आजी थेट आचार्यांच्या खोलीत आल्या. रागाने हात थरथरत होते. “आमच्या पोराला तुमच्या बेन खोटारडा का म्हणतात? रोज घरी येऊन सांगतो, बेन म्हणतात माझं सगळं खोटं असतं. आमच्या घरात खोटं बोलायची रीत नाही.”

बेनना बोलावलं. त्या गोंधळल्या. त्यांनी कुणालाच खोटारडा म्हटलं नव्हतं. वही तपासताना त्या इतकंच म्हणत: “आ खोटुं छे.” गुजरातीत खोटुं म्हणजे चूक. गणिताचं उत्तर खोटुं असतं, शब्दाचं लेखन खोटुं असतं, त्यात कुणाच्या हेतूचा प्रश्न नसतो. मराठी कानाला मात्र तो शब्द थेट आरोपासारखा लागतो. मुलगा स्वतः त्याचा अर्थ काय घेत होता, हे मला आजही नक्की सांगता येणार नाही. दोन वर्षं गल्लीत गुजराती बोललेल्या मुलाला खोटुंचा अर्थ कळत असेलही. पण घरी तो शब्द मराठी होऊन पोचत होता, आणि घरचे त्याच्याकडे त्या शब्दाच्या नजरेने बघत होते.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट निघाली. मुलाची आईही आली होती. पालकसभेत बेन तिला सांगत होत्या, “एने गणित नथी आवडतुं.” आई मान हलवून घरी जायची आणि मुलाला गणित आवडावं म्हणून लाडीगोडी लावायची, कधी रंगीत पेन आणून द्यायची. गुजरातीत ‘आवडतुं नथी’ म्हणजे येत नाही, जमत नाही. बेन सांगत होत्या की मूल मागे पडलंय, आणि आई ऐकत होती की मुलाला विषय नावडता आहे. दोघी मनापासून बोलत होत्या आणि एकमेकींपर्यंत पोचत नव्हत्या. मी बडोद्यात चाळीस वर्षं शिकवलं. हे दोन्ही शब्द मला पाठ आहेत. त्या शब्दांमुळे असं काही घडत असेल हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

खरी अडचण शोधताना

आचार्यांचं आणि बेनचं मत सरळ होतं: मुलगा गणितात कच्चा आहे. भाषेची अडचण नसावी, कारण “एने गुजराती तो आवडे छे.” हे खरंच होतं. मैदानावर तो इतकं सफाईदार गुजराती बोलायचा की नव्या माणसाला तो मराठी आहे हे कळलंही नसतं.

मी त्याच्याशेजारी बाकावर बसले. वहीत गणित होतं: तेवीस लखोटी, म्हणजे गोट्या, होत्या, आठ हरवल्या, “केटली वधी?” त्याने नीट आकडे मांडले, हातचा घेतला आणि खाली लिहिलं ३१. मी गुजरातीतच विचारलं, काय झालं ते सांग. त्याने सांगितलं: एकाकडे गोट्या होत्या, आठ हरवल्या. बरोबर सांगितलं. मग मी मराठीत विचारलं, “मग उरल्या किती?” तो क्षणभर थांबला. बोटं मोजली नाहीत की पेन्सिल उचलली नाही. म्हणाला, “पंधरा.” मग वहीकडे बघून हळूच म्हणाला, “पण इथं तर वाढल्या किती विचारलंय.”

गुजरातीत वधवुं या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: वाढणं आणि उरणं. संदर्भावरून गुजराती मूल ते बरोबर ओळखतं. मराठी मुलाला ‘वध’ ऐकू आला की ‘वाढ’ दिसते. त्या एका शब्दापायी हा मुलगा वजाबाकीची गणितं बेरीज करून सोडवत होता. बेरजा त्याच्या सगळ्या अचूक होत्या.

त्यानंतर तीन दिवस मी नऊही मुलांसोबत असंच बसले. काही जणांना लिपीने घेरलं होतं. गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. ग, त, न, प, म ही अक्षरं रेघ काढून टाकली की जवळपास तीच राहतात, पण क, ख, ज, फ, भ, अ ही वेगळी शिकावी लागतात. जी मुलं आजीकडून देवनागरी शिकली होती, ती गुजरातीवरही रेघ ओढत आणि बेनच्या लाल पेनाने ती रेघ खोडली जाई. गुजराती पाचचा आकडा तर आपल्या ‘प’सारखाच दिसतो. एक मुलगी मोठ्याने वाचताना ‘पप’ म्हणाली. समोर पंचावन्न लिहिलेलं होतं. तिला कुणी हसलं नाही, पण तिने पुढे वाचायचं सोडून दिलं.

कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये एक फरक मांडला होता. खेळताना-बोलताना लागणारी भाषा मुलं वर्षा-दोन वर्षांत उचलतात, पण पुस्तकातली, विचार करायला लावणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. मी हे डी.एड.ला असताना नाही, फार नंतर वाचलं. या मुलात तो फरक डोळ्यांसमोर दिसला. मला वाटतं, भाषा फार जवळच्या असल्या की हा खड्डा आणखी झाकला जातो. मराठी आणि गुजराती दोन्हींत तीन लिंगं आहेत, दोन्हींत ळ आहे, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेदही दोन्हींत आहे. तमिळ बोलणारं मूल वर्गात गप्प राहिलं असतं तर बेनना पहिल्या आठवड्यात भाषेची शंका आली असती. आमच्या मुलांबद्दल ती कुणी घेतली नाही, कारण त्यांचं चुकणंसुद्धा गुजरातीसारखं दिसत होतं.

समोरचे पर्याय

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही बसलो: आचार्य, बेन, मुलाची आई-आजी, दुसरे दोन पालक आणि मी.

आईची पहिली मागणी, याला पुन्हा दुसरीत बसवा. शिक्षण हक्क कायद्यात तिसरीच्या मुलाला मागे ठेवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यांना ती मुभा मिळाली ती पाचवी आणि आठवीसाठी. आणि मुलगा गणितात कच्चा नव्हताच, तेव्हा वर्ष वाया घालवण्यात अर्थ नव्हता. हा विषय दहा मिनिटांत संपला.

मराठी माध्यमाच्या शाळेत घाला, असं एका आजोबांनी सुचवलं. मन माझंही तिकडेच ओढत होतं, लपवत नाही. पण त्या घराजवळ मराठी शाळा नव्हती, वडिलांची पाळी बदलती, आणि प्राथमिकनंतर पुन्हा माध्यम बदलण्याची वेळ येणारच होती. वाट लांबणीवर पडली असती, टळली नसती.

इंग्रजी माध्यमाची चर्चा जास्त झाली. दोन घरांचं तेच ठरत होतं. मी एवढंच सांगितलं की गुजरातेत २०२३ च्या कायद्यानुसार पहिली ते आठवी सगळ्या शाळांत गुजराती सक्तीची आहे, तेव्हा गुजराती सुटणार नाही, तिच्या जोडीला तिसरी भाषा येईल.

बेनना शाळा सुटल्यावर गुजरातीचा जादा तास घ्यायचा होता. त्यांची तयारी खरी होती. पण आधीच थकलेल्या मुलांना अजून एक तास, तोही ‘तुम्हाला येत नाही’ या शिक्क्यासह, हे मला पटलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो घरच्या बोलण्यावर. शाळेने आईला आधीच सुचवलं होतं की घरी गुजराती बोला. तिने सुरुवातही केली होती, मोडक्यातोडक्या गुजरातीत. सासूबाईंना सांगितलं होतं, याला रात्री गोष्टी सांगू नका, त्याचं डोकं गोंधळतं. आजी बैठकीत गप्प बसून होत्या. विचारल्यावर म्हणाल्या, “दोन महिने झाले, पोरगं माझ्याशी बोलत नाही.”

मला इथे कबूल करायचं आहे. नोकरीत असताना गुजराती शाळेत गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या पालकांना मीही हाच सल्ला दिलेला आहे. आज देणार नाही. ज्या भाषेत आई-वडील नीट विचार मांडू शकत नाहीत त्या भाषेत ते मुलाशी बोलले, तर मुलाला कच्ची गुजराती मिळते आणि भक्कम मराठी हातची जाते. ‘उरल्या किती’ हे त्याला कळलं ते मराठीत. तीच शिडी काढून घ्यायची कशी? शेवटी ठरलं: घरी मराठीच, आणि पोटभर.

काय केलं

वेगळा वर्ग किंवा वेगळा तास नेमला नाही. जे करायचं ते वर्गातच, सगळ्यांसमोर.

पहिला बदल बेननी त्याच दिवशी केला. ‘खोटुं’ म्हणणं त्यांनी बंद केलं. त्याऐवजी म्हणू लागल्या, “फरी जो,” पुन्हा बघ. वहीवर फुलीऐवजी ठिपका. हे मी सुचवलं नव्हतं, त्यांचंच होतं. वर्षभरात आम्ही जे जे केलं त्यात मी याला पहिला नंबर देईन.

मागच्या भिंतीवर दोन रकाने आखले. एकात गुजराती शब्द गुजराती लिपीत, शेजारी मराठी देवनागरीत. सरवाळो आणि बेरीज, बादबाकी आणि वजाबाकी, घडिया आणि पाढे, एकी-बेकी आणि विषम-सम. गुणाकार, भागाकार, अपूर्णांक दोन्हीकडे सारखेच. ते लिहिताना मुलांचे चेहरे खुलले, कारण एवढं तर आपल्याला आधीच येतं. फसव्या शब्दांची जागा वेगळी, लाल चौकटीत: वधवुं, आवडवुं, खोटुं, दाखलो. गुजरातीत दाखलो म्हणजे गणित. एका मुलीला वाटत होतं की बेन रोज तिच्याकडे शाळेचा दाखला मागतात. धोरण हा शब्द पालकांसाठी घातला. गुजरातीत इयत्तेला धोरण म्हणतात.

शाब्दिक गणित आलं की आधी शेजाऱ्याला आपल्या भाषेत गोष्ट सांगायची, आकडे नंतर. वर्गात गोंगाट वाढला. आचार्य दोनदा दारात येऊन उभे राहिले. बेननी त्यांना आत बोलावून एका जोडीजवळ बसवलं, तेव्हा त्यांचा आक्षेप मावळला.

शिरोरेषेचे गुण दिवाळीपर्यंत कापायचे नाहीत, असं ठरलं. वरच्या इयत्तांत हिंदी आली की हीच मुलं देवनागरीत पुढे असतील, तेव्हा रेघ विसरवायची नव्हती, कुठे असते आणि कुठे नसते एवढंच शिकवायचं होतं.

आणि शनिवारी आजी येऊ लागल्या. सकाळची शाळा, शेवटची अर्धी तासिका. त्या चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत. गुजराती मुलांकडे त्यांची चको-चकीची, म्हणजे चिमणा-चिमणीची, गोष्ट होतीच. मराठी मुलांनी ऐकलेली गोष्ट गुजरातीत सांगायची, गुजराती मुलांनी आपली सांगायची. पहिल्या शनिवारी त्या मुलाने आजीचं तोंडच उघडू दिलं नाही, लाजून त्यांच्या पदरामागे उभा राहिला. तिसऱ्या शनिवारी आजी एका जागी अडल्या आणि तो बाकावरून ओरडला, “अगं आजी, आधी पाऊस आला ना!” सगळा वर्ग त्याच्याकडे वळला. मी त्या दिवशी घरी जाताना सुरसागर तलावाच्या काठी बराच वेळ बसले होते.

पहिल्या सत्राच्या परीक्षेआधी एक पेच आला. गणिताचा प्रश्न दोन्ही भाषांत वाचून दाखवायचा का? बेनना वाटत होतं, बाकी मुलांवर अन्याय होईल. मला वाटत होतं, परीक्षा गणिताची आहे, गुजरातीची नाही. दोघींचंही म्हणणं सुटत नव्हतं. शेवटी लेखी प्रश्नपत्रिका गुजरातीतच ठेवली, तोंडी परीक्षा दोन्ही भाषांत घेतली, आणि दोन्हींचे गुण वेगळे नोंदले. या तडजोडीने एक फायदा झाला: कोणत्या मुलाला गणित येत नाही आणि कोणाला प्रश्न कळत नाही, हे पहिल्यांदाच वहीत वेगळं दिसलं.

परिणाम

एप्रिलमध्ये नऊपैकी सहा मुलं शाब्दिक गणितं कुणाच्या मदतीशिवाय सोडवत होती. दोघांना अजून शेजारी लागत होता. एक मुलगी जूनमध्ये इंग्रजी माध्यमात गेली. तिच्या घरच्यांचं आधीच ठरलेलं होतं, आणि आम्ही ते बदलू शकलो नाही.

ज्या मुलापासून सुरुवात झाली, त्याचं श्रुतलेखन अजूनही कच्चं आहे. भ आणि ल यांत तो अडकतो. गणितात मात्र त्याने उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आठवड्यात स्वतःच एक दाखलो तयार करून फळ्यावर लिहिला: तीस पतंग, तेरा कापले गेले. खाली दोन प्रश्न. एकात त्याने लिहिलं होतं ‘वध्या’, दुसऱ्यात कंसात ‘उरले’. आईला पुढच्या पालकसभेत बेन म्हणाल्या, “हवे एने आवडे छे.” हवे म्हणजे आता. आईने मला विचारलं, “आवडतं म्हणतायत की येतं?” मी म्हटलं, या वेळी दोन्ही.

पुन्हा करायचं झालं तर

आम्ही उशीर केला. जूनमध्ये शाळा सुरू झाली, तक्रार जुलैअखेर आली, आणि तीही आजी रागावल्या म्हणून. आजी मुखदुर्बळ असत्या तर हे वर्षही तसंच गेलं असतं. हे काम तिसरीत सुरू करायचं नव्हतंच, पहिलीत करायचं होतं. प्रत्येक मुलाला दाखल झाल्याच्या आठवड्यात एकदा त्याच्या घरच्या भाषेत गणिताची गोष्ट विचारावी, एवढं पुरलं असतं.

खानदेशातल्या पाचपैकी दोन घरांत अहिराणी बोलतात, हे मला नोव्हेंबरमध्ये समजलं. भिंतीवरची माझी मराठीही त्यांच्या घरची मराठी नव्हती. मी त्यांना विचारलं नव्हतं, गृहीत धरलं होतं.

सगळ्यात बोचणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच वर्गात मागच्या बाकावर छोटा उदेपूरकडची तीन मुलं बसत. आईबाप बांधकामावर मजुरी करतात, घरी राठवी ही आदिवासी बोली बोलतात. तीही तीच गणितं चुकवत होती. आमच्या भिंतीवर त्यांच्यासाठी एकही शब्द नव्हता. बैठकीला त्यांच्या घरचं कुणी नव्हतं, कारण बोलावलंच नव्हतं. मराठी मुलांसाठी धावून आलेली मी मराठी होते, तक्रार करणाऱ्या आजी मराठी होत्या. त्या तीन मुलांसाठी रागाने आचार्यांच्या खोलीत शिरणारं कुणी नव्हतं, आणि त्यांच्या शेजारी बसायला मला आठ महिने सुचलं नाही.

या जूनमध्ये बेननी भिंतीवर तिसरा रकाना आखला आहे. त्या तिघांपैकी एकाची आई दुपारी डबा घेऊन येते. तिला फाटकाजवळ बसवून बेन विचारतात, तुमच्याकडे याला काय म्हणता. ती आधी हसायची, उत्तर द्यायची नाही. आता सांगते. गेल्या शुक्रवारपर्यंत त्या रकान्यात चार शब्द आले होते.